व्हिडिओ कॉलनंतर पैशांची धमकी आली? या चुका टाळा

सोलापूरच्या नवी पेठेत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. शटर ओढायच्या वेळेला एखादा पोरगा येतो, बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत थांबतो आणि फोन पुढे करतो. "दादा, यातलं सगळं उडवून टाका. घरी कळलं तर मेलो मी."

प्रकार सहसा एकच असतो. फेसबुकवर अनोळखी मुलीची रिक्वेस्ट, दोन दिवस गोड चॅटिंग, मग व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल. पलीकडे कपडे काढताना दिसते ती बहुतेकदा आधीच रेकॉर्ड केलेली क्लिप. आपल्यालाही तसंच करायला लावतात आणि रेकॉर्डिंग होतं ते आपलं. मिनिटभरात तो व्हिडिओ आणि आपल्या मित्रयादीचा स्क्रीनशॉट येतो, पाठोपाठ पैशांची मागणी. काही जणांनी तर काहीच केलेलं नसतं, त्यांचा चेहरा दुसऱ्याच अंगावर चिकटवलेला असतो.

मी काहीही उडवत नाही. चॅट गेलं की पुरावा गेला. आधी नंबर, प्रोफाइलची लिंक, धमकीचे मेसेज, यूपीआय आयडी, तारीख-वेळ यांचे स्क्रीनशॉट काढायचे, त्यानंतरच ब्लॉक करायचं. मित्रयादीही लपवायची.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे "एकदाच देतो, मिटेल" म्हणत पैसे पाठवणं. मिटत नाही. हा माणूस पैसे देतो हे त्यांना कळतं आणि दुसऱ्या दिवशी आकडा वाढतो. मग नवा फोन येतो: "दिल्ली सायबर क्राइममधून बोलतोय, तुझ्याविरुद्ध केस झालीय." कधी म्हणतात, त्या मुलीनं आत्महत्या केली. हाही त्याच टोळीतला. प्रकरण मिटवायला खरे पोलीस फोनवर पैसे मागत नाहीत. महिनाभर यंत्रमागावर राबून आणलेला बापाचा पगार असा एका रात्रीत जातो, तेव्हा पोटात तुटतं.

पैसे गेले असतील तर सकाळची वाट पाहू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा, बँकेलाही कळवा. पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवता येऊ शकतं. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार करा किंवा थेट ठाण्यात जा. सोलापूर शहर पोलिसांचं वेगळं सायबर ठाणं आहे, पण बार्शी-अक्कलकोटच्या माणसानं जवळच्या ठाण्यात गेलं तरी चालतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ प्रमाणे ही खंडणी आहे, गुन्हेगार ते आहेत.

फोटो पसरू नये म्हणून स्टॉपएनसीआयआय ही इंटरनेटवरची मोफत सोय आहे. फोटो आपल्या फोनमध्येच राहतो, फक्त त्याचा डिजिटल ठसा, म्हणजे फोटो ओळखायचा सांकेतिक क्रमांक, सहभागी सोशल मीडिया कंपन्यांकडे जातो. अठराच्या आतल्या मुलामुलींसाठी अशीच 'टेक इट डाउन' आहे.

आणि त्या रात्री एकटं झोपू नका. मोठ्या भावाला, मामाला, मित्राला, कुणालातरी सांगा. जीव नकोसा वाटला तर टेलिमानस या मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही चालू असतो. आईबापांनो, पोरानं सांगितलं तर आधी त्याला जेवायला वाढा. काय झालं ते नंतर विचारा.