कथेतला किल्ला बांधताना या चुका टाळा

ठाण्यात तलावपाळीजवळ आम्ही पाच-सात जण महिन्यातून एकदा जमून एकमेकांच्या कथा वाचतो. काल्पनिक राज्य, देखणा किल्ला आणि गादीवर डोळा ठेवून बसलेलं सरदार घराणं, असं दर दुसऱ्या बैठकीत कुणीतरी आणतंच. तिसऱ्या प्रकरणात मात्र गोष्ट बसकण मारते.

बहुतेकदा घोळ पाण्याचा असतो. गेल्या खेपेला सुळक्यावर संगमरवरी वाडा होता, पाचशेची शिबंदी होती, आणि टाकं एकही नाही. लेखक म्हणाला, "जादूची दुनिया आहे हो." मग वेढा पडल्यावर ती माणसं तहानेनं कशी काय व्याकुळ होतात? रायगडावरसुद्धा गंगासागर तलाव लागतो. टाक्यावर पहारा कोणाचा, एवढं ठरवलं तरी निम्मं राजकारण सुचतं.

दुसरी चूक म्हणजे महत्त्वाकांक्षा नुसती स्वभावात ठेवणं. तिला हातात काहीतरी लागतं. जावळीच्या मोऱ्यांच्या ताब्यात कोकणात उतरणाऱ्या घाटवाटा होत्या, म्हणून 'चंद्रराव' या किताबाला वजन होतं. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, पाठोपाठ रायरी. त्याच रायरीचा रायगड झाला आणि १६७४ साली तिथं राज्याभिषेक. तुमच्या घराण्याकडे काय आहे? घाट, बंदर, मिठागर? अडलात तर आपल्या खाडीकडे बघा. तिच्याचसाठी ठाण्याचा किल्ला. १७३७ साली मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला. आज तिथं तुरुंग आहे, हे मात्र कथेत लिहिलं असतं तर कुणाला पटलं नसतं.

बुरुजांची वर्णनं सुरुवातीलाच दोन पानं असतील तर कापा.

आता माझी चूक. माझ्या कथेत धाकटा भाऊ मध्यरात्री महादरवाजा उघडून शत्रूला आत घेतो. बैठकीतल्या एका काकांनी विचारलं, "अडसर कोणी काढला?" मांडीएवढं जाड लाकूड, भिंतीतल्या खोबणीत दोघांनी मिळून सरकवायचं, शेजारच्या देवडीत पहारेकरी जागा. मी गप्प. शेवटी दरवाजा बंदच ठेवला आणि त्यातल्या दिंडीतून, म्हणजे छोट्या दारातून, एकेक माणूस वाकून आत आणला. त्यासाठी देवडीतला पहारेकरी फोडावा लागला. त्याला मी तोवर नावही दिलं नव्हतं.