मोठ्या संख्येचे अवयव पाडताना या चुका टाळा

१२३४५६७८९१०९८७६५४३२१ ही वीस अंकी संख्या मूळ संख्या आहे. तरीही एका विद्यार्थ्याने तिला २ आणि ५ या दोन्ही संख्यांनी निःशेष भाग जातो असे दाखवणारा तक्ता माझ्यापुढे ठेवला, आणि त्याच्या सूत्रांत चूक शोधण्यात आमची एक अख्खी संध्याकाळ गेली. सूत्रे बरोबरच होती. स्प्रेडशीटमध्ये पहिले पंधरा अंकच टिकतात. उरलेल्या ५४३२१ च्या जागी पाच शून्ये बसली होती, आणि चौकटीत संख्या संक्षिप्त घातरूपात दिसत असल्याने ती कोणाच्या नजरेस पडली नाहीत. ज्या संख्येच्या एकंस्थानी १ आहे तिला २ ने भाग जाणार नाही, हे मला पहिल्याच मिनिटाला सुचायला हवे होते. तेव्हापासून मी संख्या आधी कागदावर लिहितो, अंक मोजतो, शेवटचे तीन अंक मोठ्याने वाचतो, आणि मगच पायथॉनसारख्या, पूर्ण संख्या कितीही अंकी असली तरी जशीच्या तशी ठेवणाऱ्या संगणकीय भाषेकडे वळतो. तेथेही भागाकारासाठी एकच तिरकी रेघ वापरली की उत्तर दशांश रूपात येऊन अंक पुन्हा गळू शकतात. दोन रेघा (//) वापराव्यात.

दुसरी चूक उतावळेपणाची आहे. शंभरापर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग जात नाही, एवढ्यावर संख्येला मूळ ठरवून मोकळे होणारे नवशिके मला दर वेळी भेटतात. त्यांना मी ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या देतो. ती २ च्या ३२ व्या घातात १ मिळवून येते आणि सतराव्या शतकातला फ्रेंच गणितज्ञ फर्मा तिला मूळ समजत होता. गणितज्ञ ऑयलरने १७३२ मध्ये ती ६४१ × ६७,००,४१७ आहे असे दाखवले. ६४१ ही ११६ वी मूळ संख्या आहे, म्हणजे आधीचे ११५ भागाकार फुकट गेल्यावर ती हाती लागते. या संख्येचे वर्गमूळ ६५,५३६ हून किंचित मोठे आहे, आणि तेथपर्यंत ६,५४२ मूळ संख्या आहेत. अवयव सापडला नाही तर त्या सगळ्या तपासणे भाग आहे. कंटाळा हा पुरावा नव्हे.

फर्माच्या कसोटीचा आडमार्गही मला फारसा पसंत नाही. तीत एखादा पाया, समजा २, घेऊन त्याचा तपासायच्या संख्येपेक्षा एकने कमी असलेला घात काढतात, आणि त्याला त्या संख्येने भागून बाकी १ उरली की ती मूळ असावी असे धरतात. पण ३४१ ही संख्या पाया २ घेतल्यास कसोटीला उतरते, तरी ती ११ × ३१ आहे.

विभाजक मोजताना प्रत्येक घातांकात १ मिळवून मगच गुणाकार करावा: ७,२०,७२० = २⁴ × ३² × ५ × ७ × ११ × १३, म्हणून विभाजक २४० आहेत, ८ नव्हेत.

अंकांच्या बेरजेवर विसंबून संख्या बरोबर उतरवली असे मानू नये. दोन अंकांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते.

अवयवांचा गुणाकार दिलेल्या संख्येइतका आला, तरी ते अवयव स्वतः मूळ आहेत की नाहीत हे वेगळे तपासावे लागते. ७२० × १००१ चा गुणाकारही ७,२०,७२० च येतो.