गाडीला नुकताच रंग दिलाय? पहिल्या महिन्यात या चुका टाळा

डेंटिंग-पेंटिंग करून आलेली गाडी चकचकीत दिसते, बोट लावलं तर कोरडीही लागते. फसगत तिथेच होते. रंग कोरडा झाला म्हणजे पक्का झाला असं नाही.

कारखान्यात गाडीच्या नुसत्या सांगाड्याला रंग देऊन तो साधारण १४० अंश सेल्सियसला भट्टीत भाजतात. दुरुस्तीच्या वेळी मात्र गाडीत वायरिंग, प्लास्टिक, रबरं, सीटा सगळं जागेवर असतं. म्हणून बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंद, तापवता येणाऱ्या खोलीत, ६० अंशांच्या आसपास अर्धा-पाऊण तास ठेवतात. बूथ नसेल तर हवेवरच वाळवतात. त्यानंतरही क्लिअर कोटमधल्या, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरातल्या, हार्डनरचं (थर घट्ट करणाऱ्या द्रव्याचं) काम चालू असतं आणि थरात राहिलेला थिनर हळूहळू बाहेर पडत असतो. याला साधारण महिना लागतो. थर जाड असेल, हवा थंड असेल किंवा रंग हवेवर वाळवला असेल, तर दोन-तीन महिनेही धरून चाला. गाडी ताब्यात घेताना दोन गोष्टी विचाराच: रंग बूथमध्ये भाजला की हवेवर वाळवला, आणि क्लिअरचा शेवटचा हात कोणत्या तारखेला मारला? पुढचा सगळा हिशोब या उत्तरांवर चालतो.

वॅक्स आणि कोटिंगची घाई

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच, आणि ती हौशी, काळजी घेणारी माणसंच करतात. नव्या रंगाला संरक्षण हवं म्हणून आठवड्याभरात वॅक्स, सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग करून घेतात. पण यांचा थर थिनरची वाट अडवतो. रंग आतून मऊ राहतो, चमक मंदावते, कधी बारीक फोडही येतात. स्टिकर, चिकटपट्टी आणि पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म) यांनाही हेच लागू. शिवाय ते काढताना कच्चा रंग सोबत निघून येऊ शकतो. वॅक्ससाठी निदान महिनाभर थांबा. हवेवर वाळलेल्या रंगाला ६० ते ९० दिवस द्या. रंगाच्या कंपनीने वेगळी मुदत सांगितली असेल तर तीच पाळा.

धुणं आणि पुसणं

पहिला आठवडा गाडी न धुतलेली बरी. धूळ बसली म्हणून कोरडं फडकं मारणं हे तर सर्वांत वाईट, कारण मऊ क्लिअरवर धुळीचे कण घासले की उन्हात गोल गोल जाळीसारखे ओरखडे दिसू लागतात. धुवायचीच असेल तर सावलीत, बॉनेट थंड असताना, भरपूर पाणी, सौम्य कार शाम्पू आणि स्वच्छ मायक्रोफायबर वापरा. भांड्यांचा साबण नको. फिरत्या ब्रशचं मशीन वॉश महिनाभर नको. प्रेशर वॉशरचा फवारा जवळून, विशेषतः पॅनेलच्या कडांवर मारू नका. पाणी अंगावर सुकू देऊ नका, क्षारांचे डाग पडतात. पण टिपताना दाबून चोळू नका.

पाऊस लागला तर घाबरायचं कारण नाही. पक्ष्यांची विष्ठा मात्र तासभरही राहू देऊ नका. ती आम्लधर्मी असते आणि उन्हात तापून मऊ झालेल्या क्लिअरमध्ये खोल उतरते. वाळली असेल तर खरवडू नका. ओलं कापड त्यावर पाच-दहा मिनिटं ठेवा, मऊ झाली की अलगद उचला आणि जागा पाण्याने धुऊन घ्या. झाडाचा चीक आणि सांडलेलं पेट्रोल यांनाही तितकीच तत्परता हवी. म्हणून झाडाखाली गाडी लावू नका.

मग कव्हर घालावं का? नाही. त्याखाली ओल कोंडते, आणि वाऱ्याने कापड हललं की तेच रंगावर घासत राहतं. छपराखाली, हवा खेळती असलेली जागा सर्वांत चांगली.

खोट दिसली तर

काही दिवसांनी चमक उतरली किंवा खालच्या पॉलिश पेपरच्या रेषा उमटल्या, तर बहुधा थिनर उडून थर आक्रसलेला असतो. घाईने रबिंग करू नका. रंग पूर्ण वाळू द्या, मग गॅरेजकडूनच पॉलिश करून घ्या. रंगात अडकलेले धुळीचे कणही बारीक पेपर आणि पॉलिशने निघतात. पण टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं, खाली ओल राहून आलेले फोड किंवा सुटलेली पापुद्री पॉलिशने जात नाही. तिथे तो भाग घासून पुन्हा रंगवावा लागतो. पृष्ठभागावर तेल किंवा सिलिकॉन राहिल्याने पडलेल्या गोल खळग्यांचंही तसंच.

शेड जुळली नाही ही तक्रार ट्यूबलाइटखाली ठरवू नका. दिवसाच्या उजेडात, बाजूबाजूची दोन पॅनेलं दोन-तीन कोनांतून पाहा. मेटॅलिक रंग कोन बदलला की हलका-गडद दिसतोच. सगळ्या कोनांतून फरक दिसला तर फोटो काढा आणि स्वतः कुठलंही पॉलिश लावण्याआधी गाडी गॅरेजला दाखवा. मध्ये तुमचा हात फिरला असेल, तर मूळ दोष कोणाचा हे नंतर ठरवणं अवघड होतं.