ध्रुवावरील आकस्मिक तापवाढ आलेखात कशी वाचावी

ऐन हिवाळ्यात, ध्रुवावर सूर्य उगवतच नसताना, तिथले स्थितांबर (वातावरणाचा सुमारे १० ते ५० किलोमीटर उंचीचा थर) कधीकधी काही दिवसांतच ३० ते ५० अंशांनी तापते. रिचर्ड शेरहाग यांनी १९५२ मध्ये बर्लिनवरील फुग्यांच्या नोंदींत ही तापवाढ प्रथम टिपली. ती समजून घेण्यासाठी आडव्या अक्षावर तारखा, उभ्या अक्षावर उंची आणि रंगांत तापमान दाखवणारा, ६० अंश उत्तर अक्षांशापासून ध्रुवापर्यंतच्या सरासरीचा आलेख घ्यावा. एकाच ठिकाणाची नोंद फसवते, कारण ध्रुवीय भोवरा (हिवाळ्यात ध्रुवाभोवती फिरणाऱ्या वाऱ्यांचे प्रचंड चक्र) सरकला किंवा दुभंगला की एका बाजूला ऊब आणि दुसऱ्या बाजूला गारठा असतो.

प्रथम १० हेक्टोपास्कल हवेच्या दाबाची, म्हणजे सुमारे ३० किलोमीटरची पातळी पाहावी. रंग बदलला म्हणून घटना मोठी ठरत नाही; ६० अंश उत्तर अक्षांशावरचे सरासरी पश्चिमी वारे उलटून पूर्वेकडून वाहू लागले, तरच ती मोठी तापवाढ मानतात. खालून चढलेले ग्रहीय तरंग, म्हणजे हजारो किलोमीटर लांबीच्या हवेतल्या लाटा, तिथे फुटून वाऱ्यांना रोखतात, त्यामुळे ध्रुवावरची हवा खाली उतरते आणि दाबली जाऊन तापते.

आता नजर ६० ते ९० किलोमीटरच्या पट्ट्याकडे न्यावी. नावात ‘तापवाढ’ असली तरी इथे, मध्यांबरात (स्थितांबराच्या वरच्या थरात), हवा थंड होते, आणि नवखा वाचक नेमका इथेच गोंधळतो. एरवी गुरुत्व तरंगांच्या (डोंगर, वादळे यांमुळे उठून वर चढणाऱ्या हवेतल्या लहान लाटांच्या) रेट्याने हिवाळी मध्यांबरातली हवा ध्रुवावर उतरत राहून ऊब टिकवते. खालचे वारे उलटले की वर पोहोचणाऱ्या तरंगांची निवडच बदलते आणि ते उतरणे मंदावते किंवा थांबते. जानेवारी २००९ च्या घटनेत स्थितस्तब्धी, म्हणजे स्थितांबर आणि मध्यांबर यांच्यामधली उबदार सीमा, आधी खाली घसरली, मग दिसेनाशी झाली आणि नंतर ८० किलोमीटरच्या आसपास नव्याने तयार झाली.

इतक्या उंचीवर हवामान प्रारूपांच्या पुनर्विश्लेषणापेक्षा (जुनी मोजमापे प्रारूपात घालून तयार केलेल्या नोंदींपेक्षा) उपग्रहांच्या मोजमापांवर भिस्त ठेवावी. मात्र ‘साबेर’ हे तापमान मोजणारे उपग्रहावरील उपकरण सुमारे ६० दिवसांनी उत्तर-दक्षिण अशी पाहण्याची बाजू बदलते; त्यामुळे त्या तारखांना उत्तर ध्रुवीय प्रदेश त्याच्या नजरेत होता का, हे आधी तपासावे. मध्यांबरातले बदल कधीकधी खालच्या वाऱ्यांच्या उलटण्याआधीच सुरू होतात, आणि उंचावलेल्या स्थितस्तब्धीला खाली यायला काही आठवडे लागतात. म्हणून आलेख निदान दोन आठवडे आधीपासून सुरू करून पुढे दीड महिन्यापर्यंत न्यावा.