घरच्या प्लाझ्मा टेबलवर लिनक्ससीएनसी २.९ चढवताना

जुन्या डेस्कटॉपवर लिनक्ससीएनसी (कॉम्प्युटरवरून मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) २.७ नाहीतर २.८ टाकून चालवलेली घरगुती प्लाझ्मा टेबलं (प्लाझ्माच्या आर्कने पत्रा कापणारी मशीनं) बरीच आहेत, आणि काम निघतंय तोवर त्यांना हात लावायची गरज नाही. पण टॉर्चची उंची कट चालू असताना नीट सांभाळली जावी, पत्रा बदलला की पियर्स हाइट (पत्र्याला पहिलं भोक पाडतानाची उंची), डिले (भोक आरपार जाईपर्यंत थांबायचा वेळ), स्पीड सगळं एकदम बदलावं असं वाटत असेल तर २.९ मधलं क्यूटीप्लाझ्मासी (प्लाझ्मा कटिंगसाठीची स्क्रीन आणि टॉर्चचं कंट्रोल) घ्याच. २.८ मधल्या जुन्या प्लाझ्मासीची जागा आता त्यानेच घेतलीय. हे करताना माझा आग्रह एवढाच, की जुन्या मशीनचे आकडे न्या, जुन्या फाइली नेऊ नका. २.८ ची प्लाझ्मासी कॉन्फिग रूपांतर करून देणारा प्रोग्राम सोबत येतो आणि तो चालतो, पण कुठली लाइन कशासाठी आहे हे आपल्याला कळत नाही, मग कधी अडलं की शोधत बसावं लागतं.

आधी जुनी आयएनआय फाइल (मशीनचे सगळे आकडे असलेली) उघडून कागदावर लिहून घ्या. प्रत्येक मोटरचा स्केल (एका मिमीला किती स्टेप), मॅक्स व्हेलॉसिटी, मॅक्स ॲक्सिलरेशन, होमिंगची म्हणजे सुरुवातीची जागा शोधायची दिशा (उणे चिन्हासकट), लिमिट, ड्रायव्हरचं स्टेप टायमिंग, आणि कुठली पिन उलटी केलीय ते. वायरिंगचे फोटो काढा. मग जुनी डिस्क काढून बाजूला ठेवा आणि वेगळ्या एसएसडीवर डेबियन १२ वालं लिनक्ससीएनसीचं आयएसओ टाका. स्क्रीन निदान १३६६ बाय ७६८ ची लागते, चौकोनी जुना मॉनिटर असेल तर १०२४ बाय ७६८ चा वेगळा लेआउट पण आहे.

इन्स्टॉल झालं की लगेच लेटन्सी हिस्टोग्राम (कॉम्प्युटर ठरलेल्या वेळेला किती उशीर करतो ते दाखवणारा प्रोग्राम) चालू करा आणि कॉम्प्युटरला मुद्दाम राबवा, व्हिडिओ लावा, मोठ्या फाइली कॉपी करा, विंडो इकडेतिकडे ओढा. पॅरलल पोर्टवरून स्टेप पल्स (मोटरला एकेक पाऊल हलवणारा सिग्नल) काढणार असाल तर हा आकडा फार महत्त्वाचा, कारण बेस थ्रेड (पल्स काढणारं, ठरावीक वेळाने परत परत चालणारं काम) २५ मायक्रोसेकंदांच्या आसपास असतो आणि तिथे जरा उशीर झाला तरी मोटर स्टेप चुकवते. २.७ च्या जुन्या आयएसओत वेळ काटेकोर पाळणारा आरटीएआय कर्नल होता, आता त्याच कामाचा प्रीएम्प्ट आरटी आहे, त्यामुळे त्याच कॉम्प्युटरवर पॅरलल पोर्टचा आकडा आधीपेक्षा वाईट येऊ शकतो. बायोसमध्ये हायपरथ्रेडिंग आणि सी स्टेट (प्रोसेसरची वीज वाचवणारी झोप) बंद करून परत बघा. तरी जमत नसेल तर मेसा ७आय९६एस (नेटवर्क केबलने जोडायचं कंट्रोल कार्ड) घ्या असंच मी सांगेन, पल्स कार्ड स्वतः काढतं, कॉम्प्युटरकडे फक्त १ मिलिसेकंदाचा सर्वो थ्रेड उरतो. कार्डचा आयपी जंपरने १०.१०.१०.१० करा, कॉम्प्युटरचा हाताने १०.१०.१०.१ द्या, मधे राउटर नको, सरळ केबल, आणि पिंग जातोय का बघा.

आता विझार्ड, म्हणजे प्रश्न विचारून कॉन्फिग बनवणारा प्रोग्राम. मेसा असेल तर पीएनकॉन्फ, पॅरलल पोर्ट असेल तर स्टेपकॉन्फ, दोन्हीत स्क्रीन म्हणून क्यूटीप्लाझ्मासी निवडता येतं. इथे मोड विचारतो. आर्क व्होल्टेज स्वतः मोजणार आणि आर्क लागला का हेही त्याच व्होल्टेजवरून ठरवणार असाल तर मोड ०. व्होल्टेज मोजताय पण प्लाझ्मा सोर्समधून आर्क ओकेचा वेगळा सिग्नल मिळतोय तर मोड १, आणि मिळत असेल तर हाच घ्या, जास्त भरवशाचा. बाहेरचा टीएचसी (टॉर्चची उंची सांभाळणारा) बोर्ड जो फक्त वर/खाली सांगतो तो असेल तर मोड २. दोन मोटरची गॅन्ट्री (टेबलावरून सरकणारा आडवा पूल) असेल तर दोन्ही बाजूंना वेगळा होम स्विच लावा आणि दोन्ही जॉइंटना (म्हणजे दोन्ही मोटरना) होम सिक्वेन्सचा एकच उणे आकडा द्या, होम करतानाच गॅन्ट्री काटकोनात येते.

झेड अक्षाकडे जरा थांबून बघा, कारण गडबड बहुतेक इथेच होते. क्यूटीप्लाझ्मासी टॉर्चची सगळी उंची एक्स्टर्नल ऑफसेटने (प्रोग्रामच्या हालचालीत वरून वेगळी भर घालून) हलवतं, म्हणून ॲक्सिस झेडचा व्हेलॉसिटी आणि ॲक्सिलरेशन जॉइंटच्या आकड्याच्या दुप्पट लिहायचा आणि ऑफसेट एव्ही रेशो ०.५ ठेवायचा. जॉइंटला मोटर खरंच झेपेल तोच आकडा. मिनिमम लिमिट स्लॅटच्या (पत्रा ज्यावर ठेवतो त्या पट्ट्यांच्या) वरच्या कडेच्या खाली जायला हवी, फ्लोट स्विच (टॉर्च पत्र्याला टेकली की दाबला जाणारा) दाबला जायला ४ मिमी लागत असतील तर तेवढी आणि शिवाय थोडी जास्त सोडा, नाहीतर पातळ पत्र्यावर प्रोब करताना, म्हणजे टॉर्च खाली नेऊन पत्रा शोधताना, लिमिटचा एरर येतो.

व्होल्टेज मोजायला मेसाचं टीएचकॅड कार्ड (व्होल्टेजचं फ्रिक्वेन्सीत रूपांतर करणारं) असेल तर त्याच्या स्टिकरवर दोन फ्रिक्वेन्सी छापलेल्या असतात, शून्य व्होल्टची आणि फुल स्केलची. समजा टीएचकॅड १० आहे, शून्याला १२२ किलोहर्ट्झ आणि १० व्होल्टला ९२५, जंपर ३२ ने भागणारा, आणि सोर्समध्ये ५० ला १ डिव्हायडर (व्होल्टेज ५० पटीने कमी करणारा). व्होल्टेजचा ऑफसेट म्हणजे १२२००० भागिले ३२, आला ३८१२.५. स्केलसाठी दोन फ्रिक्वेन्सींतला फरक ८०३००० भागिले ३२ भागिले १०, आले २५०९.३७५, आणि ५० ला त्याने भागलं की ०.०१९९२५. तुमच्या कार्डवर छापलेलेच आकडे घ्या, प्रत्येक कार्डचे वेगळे असतात. टॉर्चच्या कच्च्या व्होल्टेजला हात लावण्याआधी सोर्सचा मेन स्विच बंद, प्लग काढलेला, हे दरवेळी. आर्क लागण्याआधी तिथे २०० व्होल्टच्या वर असू शकतात.

आता आर्क न लावता तपासायचं. टॉर्च एनेबल बंद ठेवा, होम करा, १०० मिमी हलवून पट्टीने मोजा. फ्लोट स्विच, ओहमिक (टॉर्च पत्र्याला लागली हे विजेने ओळखणारा सेन्सर), ब्रेकअवे (टॉर्च धडकून निसटली हे सांगणारा स्विच) एकेक हाताने दाबा आणि स्क्रीनवरचा दिवा लागतोय का बघा. प्रोब टेस्ट चार-पाच जागी करा. मग कन्व्हर्सेशनल टॅबमधून एक साधा चौकोन बनवून हवेतच फिरवा. हे सगळं ठीक असेल तरच टॉर्च पल्स देऊन आर्क बघा.

पहिला कट टीएचसी बंद ठेवून, सपाट पत्र्यावर. प्लाझ्मा सोर्सच्या पुस्तकातल्या कट चार्टमधले पियर्स हाइट, पियर्स डिले, कट हाइट, स्पीड मटेरियलमध्ये भरा. तो कट स्वच्छ आला, ड्रॉस (कडेला चिकटलेला वितळलेला धातू) कमी, की चालू असताना दिसणारं व्होल्टेज लिहून घ्या, ते त्या मटेरियलचं कट व्होल्ट. मग टीएचसी चालू करा. साधारण १ व्होल्टला ०.१ मिमी उंची बदलते, त्यामुळे कट व्होल्टचा आकडा थोडा चुकला तरी उंची लगेच चुकते. ऑटो व्होल्ट चालू ठेवलं तर प्रत्येक कटच्या सुरुवातीला व्होल्टेज वाचून तेच धरतं, नोझल झिजत आलं की याचा फार उपयोग होतो. टॉर्च वर-खाली नाचत असेल तर पीआयडीचा (उंची दुरुस्त करणाऱ्या गणिताचा) पी, म्हणजे दुरुस्तीचा जोर, कमी करा. कोपऱ्यावर स्पीड पडतो, व्होल्टेज चढतं, आणि टॉर्च पत्र्यात घुसते, ते व्हेलॉसिटी अँटी डाइव्ह थांबवतं, ते चालू आहे ना बघा.

शेवटी पोस्ट प्रोसेसर (मशीनसाठी जीकोड, म्हणजे हुकमांची यादी, लिहून देणारा भाग) बदलायला विसरू नका. शीटकॅम (ड्रॉइंगवरून कापायचा मार्ग बनवणारा प्रोग्राम) वापरत असाल तर त्यात क्यूटीप्लाझ्मासीचाच निवडा. जीकोडमध्ये एम१९० पी३ म्हणजे ३ नंबरचं मटेरियल, त्याच्यामागे एम६६ पी३ एल३ क्यू१ म्हणजे ते बदलेपर्यंत थांब. बोल्टच्या भोकांसाठी एम६७ ई३ क्यू६० दिलं की स्पीड ६० टक्के होतो, आणि त्या भोकापुरता टीएचसी एम६२ पी२ ने बंद करा. भोक संपलं की एम६३ पी२ आणि एम६७ ई३ क्यू० लिहायचंच, नाहीतर पुढचा सगळा पत्रा हळू आणि टीएचसीशिवाय कापला जातो.