ब्राउझरने ‘नंतर वाचा’ काढून टाकलं? साठवलेले लेख असे शोधा

वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहणाऱ्या आमच्या काकू एका ब्राउझरच्या ‘नंतर वाचा’ यादीत लेख साठवत असत. एका सकाळी अपडेट झालं आणि ते बटणच नाहीसं झालं. “अरे, माझं सगळं गेलं रे!” असा फोन आला, तोपर्यंत त्यांनी ब्राउझर काढून पुन्हा टाकलाही होता. नेमकं तेच करायचं नसतं.

तेव्हा आधी हात आवरा. अनइन्स्टॉल नको, ‘क्लीअर डेटा’ नको. घरात अपडेट न झालेला जुना फोन किंवा टॅब असेल तर तो इंटरनेटशिवाय उघडा. सिंक, म्हणजे सगळ्या उपकरणांवर यादी सारखी ठेवणं, हा बॅकअप नव्हे. एकीकडे पुसलं की दुसरीकडेही पुसलं जातं. काकूंचा टॅब दिवाळीपासून कपाटात पडून होता. आम्ही आधी राउटर बंद केला, मग टॅब चार्ज करून उघडला आणि यादीचे पटापट स्क्रीनशॉट काढले.

यादी म्हणजे लेख नव्हे, हे इथेच समजून घ्या. ग्रंथालयात पुस्तकाच्या नोंदीचं कार्ड हाती आलं म्हणजे पुस्तक हाती आलं असं होत नाही. बुकमार्क हे असंच कार्ड आहे. आधी पत्ते गोळा करा, मजकुराचं नंतर बघू.

कंपनीने मुदत दिली असेल तर सर्वांत आधी ‘एक्स्पोर्ट’ करून, म्हणजे यादी फाइलमध्ये उतरवून घ्या. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची लेख साठवण्याची ‘पॉकेट’ सेवा ८ जुलै २०२५ला बंद झाली, तेव्हाही एक्स्पोर्टसाठी पुढे काही काळ मिळाला होता. पण त्या फाइलमध्ये शीर्षक, लिंक, टॅग असंच होतं, लेखाचा मजकूर नव्हता. डेस्कटॉपही तपासा. डिसेंबर २०१८मध्ये फायरफॉक्सने ‘लाइव्ह बुकमार्क’ (वेबसाइटवरचे नवे लेख आपोआप दाखवणारे बुकमार्क) काढले, तेव्हा वापरणाऱ्यांच्या फीडचे, म्हणजे त्या लेख-याद्यांचे, पत्ते एका फाइलमध्ये डेस्कटॉपवर ठेवले होते. किती जणांनी ती फाइल कचरा समजून टाकली असेल कोण जाणे!

फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ओ एकत्र दाबा. ‘इम्पोर्ट अँड बॅकअप’मध्ये ‘रिस्टोअर’ खाली जुन्या तारखांच्या प्रती दिसतील. मात्र रिस्टोअर केलं की आजचे बुकमार्क जाऊन त्या तारखेचे येतात, म्हणून आधी आजचे एक्स्पोर्ट करून ठेवा. काही लिंकांच्या सुरुवातीला रीडर मोडचा (फक्त लेखाचा मजकूर दाखवणाऱ्या सोयीचा) ‘about:reader?url=’ हा तुकडा चिकटलेला असतो आणि मध्ये टक्क्याची चिन्हं दिसतात. तो तुकडा काढून ‘%3A’च्या जागी ‘:’ आणि ‘%2F’च्या जागी ‘/’ अशी मूळ चिन्हं घातली की खरा पत्ता मिळतो.

क्रोमवाल्यांनी ब्राउझर पूर्ण बंद करून प्रोफाइल फोल्डरची (क्रोम तुमची माहिती संगणकावर जिथे ठेवतं त्या फोल्डरची) प्रत करावी. त्यात बुकमार्कची फाइल असते आणि नावाच्या शेवटी ‘.bak’ लिहिलेली तिची जुनी प्रतही असते. क्रोम पुन्हा उघडण्याआधीच ही प्रत काढा, कारण नंतर जुनीवर नवी लिहिली जाऊ शकते. रीडिंग लिस्ट, म्हणजे क्रोमची ‘नंतर वाचा’ यादी, या फाइलमध्ये नसते. तिच्यासाठी ‘गूगल टेकआउट’मध्ये (गूगलकडची आपली माहिती उतरवून घेण्याच्या सेवेत) जाऊन क्रोम निवडावं. लेख नुकताच वाचला असेल तर हिस्टरीत शोधा, पण क्रोम तिथे साधारण ९० दिवसांचंच ठेवतं.

पत्ता सापडला, पण पान उघडत नाही? मग तो पत्ता इंटरनेट अर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रतींच्या संग्रहात, टाका. तिथे वेगवेगळ्या तारखांच्या प्रती असतात. शेवटची बिघडलेली निघाली तर जरा मागची उघडा. नुसतं शीर्षक हाती असेल तर ते अवतरणचिन्हांत टाकून शोधा. अनेकदा तोच लेख वेबसाइटने नव्या पत्त्यावर हलवलेला असतो. काकूंचे सुरळीच्या वड्यांवरचे दोन लेख असेच मिळाले. पैसे भरून वाचायचा मजकूर मात्र यातून सहसा मिळत नाही.

मिळालेला लेख पुन्हा लिंक म्हणून ठेवण्यात अर्थ नाही. प्रिंटमध्ये जाऊन ‘सेव्ह अ‍ॅज पीडीएफ’ करा आणि फाइलला ओळखू येईल असं नाव द्या. काकू पीडीएफ करायला शिकल्या, नावं द्यायला नाही. त्यांच्या फोल्डरमध्ये ‘डॉक्युमेंट १’पासून ‘डॉक्युमेंट ४१’पर्यंत फाइली आहेत आणि सुरळीच्या वड्या कितव्यात आहेत, हे विचारायला फोन मलाच येतो.