बागेत निजलेला बेडूक सापडल्यास या चुका टाळा

एप्रिल-मेमध्ये झाडांना आळी करताना, कुंड्यांतील माती बदलताना किंवा पालापाचोळ्याचा ढीग उपसताना मातीच्या ढेकळासारखा निपचित पडलेला बेडूक सापडणे ही महाराष्ट्रात नवलाची गोष्ट नाही. थंड देशांतील बेडूक हिवाळ्यात शीतनिद्रा घेतात, तर आपल्याकडचे अनेक बेडूक कोरड्या दिवसांत जमिनीखाली ग्रीष्मनिद्रा घेतात. या काळात त्यांची हालचाल जवळजवळ थांबते, श्वसन मंदावते आणि शरीरात साठवलेल्या चरबीवर ते पावसाळ्यापर्यंत तग धरतात. त्यामुळे असा बेडूक मेला आहे असे समजून कचऱ्यात टाकणे ही पहिली चूक होय. दुर्गंधी किंवा कुजल्याची खूण नसेल, तर तो जिवंत आहे असेच धरून चालावे.

सर्वांत मोठी चूक मात्र दयेपोटी होते. तहानलेला असेल म्हणून त्याला पाण्याच्या बादलीत किंवा हौदात सोडले जाते. सुस्त बेडकाला सरळ भिंतीच्या हौदातून बाहेर पडता येत नाही आणि फुफ्फुसांनी श्वास घेणारा हा प्राणी दमून बुडू शकतो. शिवाय भरपूर पाणी मिळाले की पाऊस आल्यासारखे होऊन तो जागा होण्याची शक्यता असते. मग बाहेर कडक ऊन आणि त्याची साठवलेली शक्ती मात्र खर्च होत जाते. त्याला हवी असते ती ओल आणि अंधार.

सापडला त्याच जागी परत ठेवणे सर्वांत चांगले. ते शक्य नसल्यास जवळच, सावलीत, खुरप्याने वीतभर खोल खड्डा करून ओलसर, भुसभुशीत माती त्याच्यावर हलकेच लोटावी. ती दाबू नये. माती उकरणाऱ्या बेडकांच्या मागच्या पायांना फावड्यासारखा कठीण उंचवटा असतो आणि ते मागे सरकत स्वतःच खाली जातात. कुंडीखाली किंवा दगडाखाली सापडलेल्या भेकाच्या (खरखरीत कातडीच्या बेडकाच्या) अंगावर तीच कुंडी पुन्हा ठेवू नये. आधी कुंडी थोडी फट राखून ठेवावी आणि मग त्याला फटीपाशी सोडावे.

बेडूक त्वचेतूनही श्वास घेतो आणि पाणी शोषतो, म्हणून कोरड्या किंवा सॅनिटायझर, साबण अथवा डासांचे मलम लागलेल्या हातांनी त्याला धरू नये. साध्या पाण्याने हात ओले करून त्याला धरावे, तेही काही क्षणांपुरतेच. भेकाच्या डोळ्यांमागील ग्रंथींतून विषारी स्राव येतो. त्यामुळे नंतर हात धुवावेत आणि कुत्र्याला त्याच्यापासून दूर ठेवावे.

लांबच्या तळ्यात नेऊन सोडण्याचा मोहही आवरावा. त्याला तेथील आसरे ठाऊक नसतात आणि बेडकांना होणारे बुरशीचे रोग अशा स्थलांतरातून पसरतात.

कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात मातीतून कधी वळ्यावळ्यांचा, पाय नसलेला, चकचकीत प्राणी निघतो आणि सापाचे पिल्लू समजून त्याला ठेचले जाते. तो बहुधा देवगांडूळ, म्हणजे बेडकाचाच उभयचर भाऊबंद असतो. त्याच्यापासून माणसाला धोका नसतो. त्याला त्याच ओल्या मातीत झाकून टाकावे. साप असल्याची शंका असेल, तर मात्र हात न लावता दूर व्हावे.

कुदळ लागून जखम झालेली असेल, तर हळद किंवा जंतुनाशक लावू नये. बेडकाची त्वचा ते थेट शोषून घेते. भोके पाडलेल्या डब्यात ओली माती आणि पाने घालून त्याला सावलीत ठेवावे व वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर किंवा स्थानिक प्राणीमित्रांकडे विचारणा करावी.